काही राहिले आहे का?

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्हा दोघा भावांना प्रथम आठवली ती पहाटेची वंदना, भोजनगृहातील लांब पाट्या आणि दिवाळीच्या सुटीआधीची ती न संपणारी शेवटची रात्र. परंतु त्याविषयी इतर माजी विद्यार्थी आमच्याहून चांगले लिहितील. आम्ही या शाळेत का आलो, ते मात्र आजवर कोणाला सांगितले नव्हते. प्रवेश अर्जातील कारणाच्या रकान्यात 'घरी अभ्यासाची सोय नाही' असे लिहिले होते. ते खोटे नव्हते, पण पुरे खरेही नव्हते. खरे कारण एक कावळा होता.

आमचे घर कुंडलचे. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यातील हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारमुळे. 1943 ते 1946 या काळात सातारच्या या मुलखात इंग्रजांचे राज्य बाजूस सारून लोकांनी स्वतःचे न्यायदान चालविले. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेचे हे गाव. आमचे आजोबा, ज्यांना सारे घर 'तात्या' म्हणत असे, त्या दिवसांच्या गोष्टी सांगत. प्रतिसरकारने गाजावाजाची लग्ने बंद करून हारतुऱ्याची, कमी खर्चाची लग्ने कशी लावली, हे सांगताना त्यांना विशेष आनंद होई. पुढे 1956 साली बाबासाहेबांनी नागपुरास धम्मदीक्षा घेतली आणि काही काळाने आमच्या वस्तीनेही ती घेतली. तात्यांनी घरातले देव्हारे स्वतःच्या हाताने उतरविले होते. लग्न बदलले, नाव बदलले, भिंतीवरची तसबीर बदलली. बदलले नव्हते ते मरण.

तात्या गेले तेव्हा आमच्यापैकी थोरला सातवीत आणि धाकटा पाचवीत होता. गोष्ट सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीची. थंडीचे दिवस, ऊसतोडीचा हंगाम. तात्यांना दम्याचा जुना विकार होता. त्या रात्री उशापाशी बसण्याची पाळी आमच्या आईची होती. पहाटे किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा ती चहा ठेवण्यास उठली आणि परत येईतो तात्यांचा श्वास थांबला होता. डॉक्टरांनी दम्याचेच कारण सांगितले. त्यात कोणालाही शंका नव्हती.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. वस्तीवर बौद्धाचार्य आले, त्रिशरण-पंचशील झाले, आणि ते गेल्यावर जुनी रीतही झाली. तात्यांना जे जे आवडे ते सारे पत्रावळीवर मांडले होते: भात, भजी, जिलेबीचा तुकडा, चहाचा कप, तंबाखूची चिमूट. सर्व मंडळी चार पावले मागे सरून उभी राहिली. समोरच्या बाभळीवर कावळे होते. ते मान वाकडी करून पाहत, पण खाली उतरत नव्हते.

मग एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. आमचे वडील म्हणाले, "तात्या, पोरांच्या शाळंचं मनात आसंल तर शिकवतो मी त्यास्नी." चुलते म्हणाले, "बांधाचं भांडण मिटवतो, तात्या." कोणी म्हणाले, "म्हातारीकडं बघतो आमी." कावळा येईना. अर्धा तास गेला. उन्हे चढली. तेव्हा आमची आत्या, तात्यांची एकुलती लेक, रडत रडत म्हणाली, "शेवटाला पाण्याचा घोट मिळाला न्हाई माझ्या बापाला. पाळी कुणाची हुती, इचारा की."

सर्वांच्या नजरा आईकडे वळल्या. ती पुढे आली. पत्रावळीसमोर वाकून तिने जमिनीला कपाळ लावले आणि म्हणाली, "माझं काय चुकलं आसंल तर पदरात घ्या." मग ती मागे सरली. ती कोसळते की काय, या भीतीने चार बायाही तिला धरून मागे गेल्या आणि त्यांच्यापाठोपाठ सगळा जमाव पाण्याच्या घागरीकडे सरकला. पत्रावळीभोवती प्रथमच मोकळी जागा झाली. त्या क्षणी एक कावळा उतरला आणि त्याने भज्याला चोच लावली.

"शिवला!" लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. आमच्या आईचा श्वास मात्र तेथेच अडकला. कारण आता सिद्ध झाले होते की तात्यांचा राग तिच्यावरच होता.

दहाव्या दिवशीच्या रात्री, तात्या जेथे गेले त्या जागी दिवा ठेवून भोवती पीठ पसरले आणि वर टोपली झाकली. मृताने कोणता जन्म घेतला ते पिठात उमटलेल्या पावलावरून कळते, अशी समजूत. सकाळी टोपली उचलली तर पिठात एक पुसट रेघ आणि दोन ठिपके. कोणी म्हणाले पाखराचे पाय, कोणी म्हणाले मांजराचे. आजीला त्यात लहान मुलाचे पाऊल दिसले आणि ती समाधानाने रडली. आम्हाला आजीचे ते रडणे आजही आठवते. त्यात कोणाविरुद्ध काही नव्हते.

त्यानंतरचा फेरा मात्र निराळा होता. आत्याच्या आग्रहावरून शेजारच्या एका गावातील देवऋषीकडे जाणे झाले. त्याने सुपात जोंधळ्याचे दाणे टाकले, चिमटीने उचलले, जोडी-जोडीने मोजले. एक दाणा उरला. "घरातल्याच बाईमाणसाचं हाय," तो म्हणाला. त्या वाक्यात नाव नव्हते. ते घालण्याची गरजही नव्हती. महिन्याभरात आई माहेरी गेली आणि पुढचे नऊ महिने तेथेच राहिली. वडील कारखान्याच्या पाळ्यांत अडकलेले, आजी अंथरुणाला खिळलेली. तात्यांना दिलेला शब्द वडिलांनी पाळला. जूनमध्ये पत्र्याची एक पेटी आणि दोन गोधड्या घेऊन आम्ही दोघे शाळेच्या वसतिगृहात दाखल झालो.

शाळेने आम्हाला काय दिले, याची यादी मोठी आहे. येथे त्यांतील दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या या विषयाशी थेट बांधलेल्या आहेत.

पहिली गोष्ट एका वर्षावासातली. भन्तेजी रविवारी सकाळी कथा सांगत. त्या दिवशी किसा गोतमीची कथा होती. तिचे तान्हे मूल मेले. ते कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरली आणि अखेरीस भगवान बुद्धांकडे आली. ज्या घरात कधी कोणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आण, असे त्यांनी तिला सांगितले. मोहरी प्रत्येक घरात होती, पण मरण न पाहिलेले घर एकही सापडले नाही. कथा आम्हाला ठाऊक होती. पण त्या दिवशी भन्तेजींनी विचारले, "भगवानांनी तिला कोणता प्रश्न विचारला नाही?" कोणालाच उत्तर येईना. ते म्हणाले, "मूल कोणामुळे मेले, हे त्यांनी विचारले नाही. तिलाही विचारू दिले नाही. तिला घरोघर पाठविले, पण गुन्हेगार शोधण्यास नव्हे, सोबती शोधण्यास."

त्या रात्री आम्ही दोघे शेजारी-शेजारी गोधडीत जागे होतो. दुसऱ्या दिवशी थोरल्याने धीर करून भन्तेजींना कावळ्याची सारी हकीकत सांगितली. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी दीघनिकाय काढला व पहिल्याच सुत्तातील, ब्रह्मजालसुत्तातील, एक लांब यादी दाखविली. भिक्खूने ज्यांवर पोट भरू नये अशा हीन विद्यांची ती यादी आहे. अंगावरील लक्षणे पाहणे, स्वप्नांचे अर्थ लावणे, उंदरांनी कुरतडलेल्या वस्त्रावरून भाकीत करणे, असे कितीतरी प्रकार तिच्यात आहेत. आणि त्यांतच एक शब्द आहे: वायसविज्जा. वायस म्हणजे कावळा. इतक्या जुन्या काळातही कावळ्याच्या वागण्यावरून अर्थ काढणारे लोक होते आणि त्या व्यवसायापासून दूर राहा, असे सांगणारेही होते. आमच्या आईचे दुःख इतके जुने आहे, हे पाहून आम्हाला विलक्षण आधार वाटला.

दुसरी गोष्ट भोजनगृहातील काकांच्या मृत्यूची. वर्षानुवर्षे आमच्यासाठी भाकरी थापणारे ते काका एका उन्हाळ्यात अचानक गेले. शाळेने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. वंदना झाली, काही वेळ मौन झाले, घरच्यांनी भांड्यात पाणी ओतून जलदान केले. मग वसतिगृहाचे अधीक्षक गुरुजी उभे राहिले आणि त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारले, "काकांचे कोणाकडे काही राहिले आहे का? किंवा कोणाचे काकांकडे?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग किराणा दुकानदार म्हणाले, त्यांच्या नावावर थोडी उधारी आहे, ती मी सोडली. एका शिक्षकांनी सांगितले, मी त्यांच्याकडून मुलीच्या लग्नासाठी पैसे घेतले होते, ते अजून फेडायचे आहेत. एक मोठा मुलगा उठला आणि रडत म्हणाला, मी त्यांना एकदा सगळ्यांसमोर वाईट बोललो होतो. गुरुजींनी एका वहीत सगळे लिहून घेतले. पुढे ते पैसे काकांच्या घरी पोहोचले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

कावळ्यासमोर आमच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी जे केले, नेमके तेच गुरुजींनी केले होते. गेलेल्याचे काय राहिले, हा तोच प्रश्न होता. फरक इतकाच की उत्तर देण्याचे काम पक्ष्यावर सोपविले नव्हते.

हे आम्हाला पूर्णपणे उमजण्यास आणखी काही वर्षे लागली, आणि ते उमजले आफ्रिकेच्या वाटेने. महाविद्यालयात असताना थोरल्याच्या हाती मानववंशशास्त्राची पुस्तके आली. सुटीत घरी आल्यावर तो वाचलेले सांगे आणि धाकटा ऐके. आफ्रिका म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे. त्या खंडात शेकडो समाज आहेत आणि मृत्यूभोवतीच्या खुणा वाचण्याच्या त्यांच्या पद्धतीही वेगवेगळ्या आहेत. पण त्यांपैकी काही वाचताना आम्हाला आमचीच वस्ती दिसू लागली.

माली देशातील बांदियागाराच्या कड्यांजवळ डोगोन लोक राहतात. त्यांचा भविष्य पाहणारा माणूस संध्याकाळी गावाबाहेर वाळूत चौकोन आखतो. त्यांत काड्या, खडे, रेघा मांडून आपला प्रश्न लिहावा तसा मांडतो. त्यावर भुईमुगाचे दाणे टाकतो आणि घरी जातो. रात्री कोल्हा दाणे खाण्यास येतो. सकाळी त्याच्या पावलांवरून उत्तर वाचतात: आजारी माणूस जगेल काय, प्रवास सुखाचा होईल काय, घरावर मरण आहे काय. मार्सेल ग्रिओल आणि जर्मेन दिएतर्लें या फ्रेंच अभ्यासकांचा या कोल्ह्याविषयीचा ग्रंथ 1965 साली निघाला. ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे टोपलीखालचे पीठ आले. तेथे वाळू, येथे पीठ. माणूस जेथे पोहोचू शकत नाही तेथून रात्री काहीतरी चालत येते आणि पावलाची खूण ठेवून जाते, ही कल्पना मात्र एकच.

अंगोला आणि झांबिया या भागातील चोक्वे लोकांकडे पसरट टोपली असते. तिच्यात बिया, हाडांचे तुकडे, नख्या आणि लाकडात कोरलेल्या लहान लहान आकृती असतात. टोपली हलवून कोणत्या वस्तू वर आल्या आणि कोण कोणाशेजारी पडली, यावरून पाहणारा घराची कथा सांगतो. त्यांतील एक आकृती डोक्याला हात लावून बसलेल्या माणसाची आहे. ती शोकाची खूण. ती वर आली म्हणजे घरात रडणे आहे. लाकडाच्या बोटभर तुकड्यात एवढे दुःख साठवणाऱ्या त्या कारागिराविषयी आम्हाला आदरच वाटला. नायजेरियातील योरुबा लोकांची इफा पद्धती तर याहून विस्तृत आहे. तिच्यातील 256 चिन्हांपैकी प्रत्येकाला जोडलेल्या कथा-कवनांचे भांडार मुखोद्गत असते. 2005 साली युनेस्कोने तिचा मानवजातीच्या वारशात समावेश केला. म्हणून हे सारे अडाणीपण आहे असे म्हणून हात झटकणे आम्हाला जमले नाही. ज्या समाजाने मरणाला शब्द दिले, त्याने विचारही केलेला असतो.

पण विचार कोणत्या दिशेने जातो, हे महत्त्वाचे. इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज अभ्यासकाचे आझांडे लोकांविषयीचे पुस्तक 1937 सालचे. हे लोक आजच्या दक्षिण सुदान, काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात राहतात. त्यांच्याकडील धान्याची कोठारे खांबांवर उभी असतात आणि दुपारच्या उन्हात लोक त्यांच्या सावलीत बसतात. कधी वाळवी खांब पोखरते आणि कोठार बसलेल्या माणसांवर कोसळते. वाळवीने खांब खाल्ला, हे आझांड्यांना ठाऊक असते. त्यांचा प्रश्न पुढचा असतो: नेमकी हीच माणसे खाली बसली असताना, नेमके याच वेळी ते का कोसळले? या 'का'चे उत्तर ते कोणाच्या तरी चेटकात शोधतात.

आमच्या घरी दुसरे काय झाले होते? दमा सर्वांना मान्य होता. प्रश्न हा होता की आईचीच पाळी असताना, ती चहा ठेवण्यास उठली त्याच घटकेला का?

आझांडे मरणाचे कारण विषाला विचारतात. कोंबडीच्या पिलाला विष देऊन प्रश्न करतात. ते मरते की जगते यावरून उत्तर घेतात. पण त्यांचा एक नियम आहे. एका पिलाच्या उत्तरावर भागत नाही. दुसरे पीलू घेऊन प्रश्न उलटा करून पुन्हा विचारावा लागतो. दोन्ही उत्तरे जुळली तरच निकाल. हे वाचून झाल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. आमच्या आईसाठी दुसऱ्यांदा कोणीही विचारले नव्हते.

घानामधील अकान लोकांच्या जुन्या चालीविषयीही वाचनात आले. संशयास्पद मृत्यू झाला की शव खांद्यावर घेऊन निघत आणि मृतालाच विचारीत: तुला कोणी मारले? वाहकांची पावले ज्या घराकडे ओढली जात, शव ज्या माणसावर आदळे, तो दोषी ठरे. मृताला बोलते करण्याचा हा प्रयत्न किती करुण आहे, आणि तितकाच भयंकर! कारण मेलेला माणूस बोलत नाही. बोलतात ते वाहकांचे खांदे. आमच्या बाभळीवरचा कावळाही बोलला नव्हता. तो गर्दी हटण्याची वाट पाहत होता. बोलली ती आत्याची जखम.

या सगळ्या वाचनातून आमच्यापुरता एक निष्कर्ष निघाला. मरणाभोवतीच्या खुणांमध्ये दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. एक प्रश्न असा: गेलेल्याला काय हवे होते? दुसरा असा: याला जबाबदार कोण? पहिल्या प्रश्नातून बांधाचे भांडण मिटते, मुले शाळेत जातात, आजीला पिठात बाळाचे पाऊल दिसते. दुसऱ्यातून एखादी बाई घराबाहेर पडते. पहिला प्रश्न मायेचा आहे, दुसरा आरोपाचा. आणि जवळजवळ सर्वत्र तो आरोप घरातील सर्वांत दुबळ्या माणसापाशी जाऊन थांबतो: सून, विधवा, परकी, एकटी. जुन्या परंपरेलाही हा धोका जाणवला असावा. कावळा न आल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला लावावा, अशी पळवाट तिने स्वतःच ठेवली आहे. कोणाला दोषी न ठरवताही विधी पुरा करता येतो, एवढे तिला मान्य होते. घाई होती ती माणसांना.

बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची आहे. लहानपणी आम्हाला ती केवळ नकार वाटे. आता वाटते की बाबासाहेबांनी त्या एका वाक्याने किती घरांतील सुनांना सोडविले असेल! त्यांच्या स्वतःच्या अंत्यसंस्काराचे उदाहरण तर सर्वांपुढे आहे. 7 डिसेंबर 1956 रोजी दादरच्या चौपाटीवर जमलेल्या अफाट जनसमुदायाने शोकातच धम्मदीक्षा घेतली. एवढ्या मोठ्या दुःखाचे लोकांनी काय केले? एक संकल्प केला. गेलेल्याचे जे राहिले होते, ते हाती घेतले. खुद्दकपाठातील तिरोकुड्डसुत्तातही हेच सांगितले आहे की रडणे-आक्रंदणे गेलेल्यांच्या उपयोगी पडत नाही. त्यांच्या नावे दिलेले दान उपयोगी पडते. आपल्या जलदानातील पाणी त्याच सुत्तातील दाखल्याशी जोडलेले आहे.

कायद्यानेही पुढे पाऊल टाकले. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली, तो त्यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या खुनानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. एखाद्या व्यक्तीवर करणीचा, अपशकुनी असल्याचा ठपका ठेवून तिचे जगणे कठीण करणे हा आता गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमची आई माहेरी गेली तेव्हा असे काही नव्हते. पण कायदा देवऋषीला अडवू शकतो. बाभळीकडे लागलेली नजर त्याला अडवता येत नाही. हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

आईला वडिलांनी नऊ महिन्यांनी परत आणले. त्यानंतर तिने संसार केला, आम्हाला शिकविले, सुना आणल्या. त्या दिवसाविषयी ती कधी बोलली नाही. आत्याचे आणि तिचे बोलणे मात्र बंदच राहिले. लग्नकार्यात दोघी एकाच मांडवात दोन टोकांना बसत.

चार वर्षांपूर्वी तिचे दुखणे वाढले. एका दुपारी आम्ही दोघे तिच्या उशापाशी बसलो होतो. गुरुजींची ती वही आम्हाला आठवली. धाकट्याने विचारले, "आई, तुझं काही राहिलंय का?"

ती बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "वन्संस्नी एकदा बोलवा."

आत्या आली. तिचेही वय झाले होते. काठीशिवाय चालता येत नव्हते. आम्ही बाहेर जाण्यास निघालो तर आईने खुणेने बसविले. दोघी कितीतरी वेळ नुसत्या बसून होत्या. शेवटी आत्या म्हणाली, "वैनी, माझा बाप गेला हुता. तवा कुणावर तरी चिडायचं हुतं मला. तूच समोर हुतीस."

आई म्हणाली, "ठावं हाय मला. तात्यांनी पाणी मागितलं न्हवतं, आक्का. च्या मागितला हुता. म्हणून उठलो मी."

एवढेच. इतक्या वर्षांत हे कोणी तिला विचारलेच नव्हते. कावळ्याला विचारले, पिठाला विचारले, जोंधळ्याच्या दाण्यांना विचारले. उशापाशी बसलेल्या बाईला विचारले नाही. आत्याने आईचा हात हातात घेतला. त्या संध्याकाळी दोघींनी एकाच बशीतून चहा घेतला.

आई गेली त्यानंतर तीन महिन्यांनी. आम्ही धम्मपद्धतीने सर्व केले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी शाळेच्या भोजनगृहात एक दिवसाचे जेवण दिले आणि तिच्या चांदीच्या तोड्यांच्या किमतीतून दोन मुलींचा वर्षाचा खर्च भरला. तेही तिनेच सांगून ठेवले होते. कोठेही पत्रावळ मांडली नव्हती. तरीही रक्षा सावडून झाल्यावर आम्ही दोघांनी, एकमेकांच्या नकळत, समोरच्या झाडाकडे पाहिले. मग एकमेकांकडे पाहिले. झाडावर कावळे होते. ते त्यांच्या कामात होते. आम्हाला लाज वाटली नाही. ज्याला आपण गमावतो त्याच्याकडून एक शेवटची खूण यावी, असे वाटणे मनुष्याला सोडवत नाही, मग तो डोगोन असो वा कुंडलकर. फरक इतकाच होता की तिचे उत्तर आम्हाला तिच्याच तोंडून आधी मिळाले होते.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना आणि पालकांना आमची विनंती एवढीच आहे. आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांपाशी या सुटीत घटकाभर बसा आणि विचारा, काही राहिले आहे का? कोणाचे देणे, कोणाशी अबोला, एखादी न सांगितलेली हकीकत. उत्तर मिळाले तर वहीत लिहून ठेवा आणि जमेल तेवढे त्यांच्या डोळ्यांदेखत पुरे करा. आणि घरात मृत्यू झाला असता दुःखाच्या भरात कोणाकडे बोट वळू लागले, तर त्या माणसाशेजारी जाऊन उभे राहा. आम्ही मुले होतो. त्या दिवशी आईशेजारी उभे राहण्याचे आम्हाला सुचले नाही. ते आमचे राहिले होते. ते या लेखाच्या रूपाने, ज्या शाळेने आम्हाला प्रश्न विचारण्यास शिकविले तिच्या साक्षीने, पुरे करीत आहोत.